सुझोऊत एक दिवस: एकच बाग, पण पुरती

शांघायला कामानिमित्त जाणारी मराठी माणसे आता थोडीथोडकी नाहीत. यीवूच्या घाऊक बाजारातून माल आणणारे व्यापारी, यंत्रांची प्रदर्शने पाहायला जाणारे उद्योजक, तिकडे नोकरीला असलेल्या मुलांकडे राहायला गेलेले आईवडील, अशा सगळ्यांच्या वेळापत्रकात कधीतरी एक मोकळा दिवस निघतोच. बरीच वर्षे बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली आणि हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला, की त्या एका दिवसात पाहायचे काय. उत्तर बहुतेकांना ठाऊक असते: सुझोऊ. शांघायच्या पश्चिमेला सुमारे ८५ किलोमीटरवर, वेगवान रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर असलेले हे शहर अडीच हजार वर्षे जुने आहे आणि तिथल्या बागा जगभर नावाजलेल्या आहेत. चूक होते ती यानंतर. प्रवासी कंपनीच्या बसमधून जा किंवा आपापले जा, दिवसाचा कार्यक्रम एकाच साच्यातला असतो: दोन मोठ्या बागा, वाघटेकडीवरचा कललेला मनोरा, हानशान मंदिर, रेशमाचा कारखाना आणि उरलेल्या वेळात कालव्यातली होडी. अशा दिवसाची छायाचित्रे पुष्कळ मिळतात, पण सुझोऊची बाग म्हणजे नेमके काय असते, हे न कळताच माणूस संध्याकाळच्या गाडीत बसतो. म्हणून या लेखातला सल्ला एका वाक्यात सांगता येईल. सुझोऊसाठी एकच दिवस असेल तर बाग एकच पाहा, शक्यतो लहान पाहा, आणि उरलेला दिवस त्या बागेच्या भोवतीच्या शहरात पायी घालवा.

हा सल्ला कंजूषपणाचा वाटेल. त्यामागचे कारण बागांच्या रचनेतच आहे, म्हणून आधी ते पाहू. आपल्याकडे बाग म्हटले की झाडे, फुलांचे वाफे, हिरवळ आणि फिरायला मोकळे रस्ते डोळ्यांपुढे येतात. सुझोऊची बाग तशी नसते. ती मुळात घर असते. सरकारी चाकरीतून निवृत्त झालेला, कधी दरबारातल्या राजकारणाला कंटाळलेला विद्वान अधिकारी शहराच्या मध्यात जागा घेऊन आपल्यापुरते डोंगर, पाणी आणि अरण्य त्या कुंपणात उभे करी. जागा थोडी, आणि त्यात साऱ्या निसर्गाचा भास निर्माण करायचा, ही अडचणच या कलेची जननी. सुझोऊजवळच्या वूच्यांगमध्ये जन्मलेल्या जी छेंगने १६३१ साली ‘युआन ये’ हा बागरचनेवरचा ग्रंथ लिहिला, त्यातला फार महत्त्वाचा मुद्दा उसन्या दृश्याचा आहे. कुंपणाबाहेरचा डोंगर, मनोरा, आभाळ किंवा शेजारच्या झाडाचा शेंडा आपल्या बागेत अशा बेताने ओढून आणायचा, की पाहणाऱ्याला तो आपल्याच मालकीचा वाटावा. बागेच्या आतही हेच तत्त्व चालते. सगळे एकदम दाखवायचे नाही. वाट मुद्दाम वाकडी न्यायची, समोर भिंत घालायची, त्या भिंतीत जाळीची खिडकी ठेवायची, म्हणजे पलीकडचे दिसते पण पुरते दिसत नाही. पूल सरळ न बांधता नागमोडी बांधायचा, म्हणजे चार पावलांवर चेहऱ्यासमोरचे दृश्य बदलते. आता विचार करा, जी वास्तू चालणाऱ्याला अडवण्यासाठीच बांधली आहे, तिच्यातून चाळीस मिनिटांत झेंड्यामागे धावणारा माणूस काय पाहणार?

या मुद्द्याला चिनी अभ्यासकांचाही आधार आहे. शांघायच्या थोंगजी विद्यापीठातले वास्तू-अभ्यासक छेन त्सोंगझोऊ यांनी बागांवरच्या आपल्या निबंधांत पाहण्याच्या दोन रीती सांगितल्या: एक चालत पाहण्याची आणि दुसरी बसून पाहण्याची. मोठ्या बागेत पहिली रीत मुख्य, लहान बागेत दुसरी. पहिलीचे उदाहरण म्हणून त्यांनी सुझोऊचीच झुओझेंग युआन ही बाग दिली आणि दुसरीचे म्हणून वांगशी युआन ही. एका दिवसाच्या पाहुण्यासाठी हा भेद फार उपयोगाचा आहे. झुओझेंग युआन पाच हेक्टरांहून मोठी. ती चालत पाहायची तर तीन तास हवेत, आणि गर्दी कमी हवी. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नसतात, कारण सुझोऊला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सहलीचे पहिले ठिकाण तीच असते. वांगशी युआन अवघी अर्ध्या हेक्टरची, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वा-दीड एकराच्या आत-बाहेरची, आणि त्यातही मोठा भाग घराचाच. ती बसून पाहायची आहे. सकाळी लवकर पोहोचलेल्या माणसाला बसायला जागा मिळते.

वांगशी युआन म्हणजे जाळेवाल्याची, कोळ्याची बाग. दक्षिण सोंग काळात शी झेंगझी नावाच्या अधिकाऱ्याने इथे घर बांधले आणि त्याला कोळ्याचा एकांतवास अशा अर्थाचे नाव दिले. राजकारण सोडून मासे धरत बसलेला कोळी ही चिनी साहित्यातली मानाची प्रतिमा आहे. पुढे घर पडीक झाले आणि अठराव्या शतकात सोंग झोंगयुआनने ते नव्याने उभारून तो कोळी नावात परत आणला. आत शिरताना मराठी वाचकाला वाड्याची आठवण होईल. देवडी, मग चौक, मग सदर, मग पुढचा चौक, अशी एका रेषेतली मांडणी इथेही आहे. पालख्या ठेवायचा दिवाणखाना आधी, पाहुण्यांची बैठक नंतर, घरच्या माणसांचा भाग सर्वांत आत. बैठकीसमोरच्या दरवाजावरचे विटांमधले कोरीवकाम घाईत सुटते. मान वर करून ते पाहा. लाकडात कोरावे इतक्या बारकाईने भाजक्या विटेत माणसे, झाडे आणि सज्जे कोरले आहेत. उंबरठे उंच आहेत, त्यांवर पाय देऊ नये, ओलांडून जावे. ही रीतही आपल्या घरांना परकी नाही.

घराच्या बाजूने दार ओलांडून तळ्याकाठी आलात की थांबा. इथून पुढचा तास या बागेला द्यायचा आहे. तळे लहान आहे, पण ते लहान वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे शोधत बसणे हाच या सकाळचा खरा कार्यक्रम. पहिली युक्ती पाण्याच्या टोकांत आहे. तळ्याच्या दोन कोपऱ्यांतून पाण्याच्या अरुंद चिरा आत गेल्या आहेत आणि त्यांची टोके दिसत नाहीत, म्हणून पाणी कुठूनतरी येते आणि कुठेतरी जाते असा भास होतो. दुसरी युक्ती त्यातल्याच एका चिरेवरच्या दगडी कमानीच्या पुलाची. तो इतका छोटा आहे की तीन पावलांत संपतो. शेजारी असा चिमुकला पूल ठेवला की पाणी आपोआप मोठे दिसते. तिसरी युक्ती इमारतींची. मोठ्या इमारती काठापासून मागे सारल्या आहेत, त्यांच्यापुढे खडक आणि झाडे आली आहेत, आणि पाण्याला लागून बसक्या छपराचे लहान मंडप ठेवले आहेत. चौथी सर्वांत सोपी आणि सर्वांत धाडसाची: तळ्यात कमळे लावलेली नाहीत. पाणी मोकळे ठेवले आहे, म्हणून त्यात आभाळ उतरते आणि बागेची जागा दुप्पट होते. पश्चिम काठावरच्या मंडपाचे नावच चंद्र आणि वारा यांच्या आगमनावरून पडले आहे. त्या मंडपात आरसा लावला आहे, म्हणजे पाण्यातले प्रतिबिंब आणि आरशातले प्रतिबिंब एकाच वेळी पाहता येते. तिथे बसायला मिळाले तर अर्धा तास उठू नका. सूर्य वर चढतो तशा पांढऱ्या भिंतीवरच्या बांबूच्या सावल्या सरकतात. ही हालचाल चालणाऱ्याला दिसत नाही.

मग तळ्याला एक संथ फेरी घालून पश्चिमेच्या छोट्या चौकात जा. तिथल्या अभ्यासिकेचे नाव दियानछुन यी. खोलीच्या मागच्या भिंतीत काही खिडक्या आहेत आणि त्यांच्यापलीकडे हात-दोन हात रुंदीच्या पट्टीत दगड, बांबू आणि झाडे लावली आहेत. खोलीत उभे राहिले की प्रत्येक खिडकी चौकटीत बसवलेल्या चित्रासारखी दिसते. पांढरी भिंत हा कागद आणि दगड हे त्यावरचे चित्र, असा विचार जी छेंगच्या ग्रंथातही आहे. या चौकाचे मोल किती, हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयावरून कळते. १९८१मध्ये तिथे खुला झालेला चिनी चौक याच चौकावरून घेतला आहे. तो उभारायला सुझोऊहून २७ कारागीर गेले होते. म्हणजे ज्यांना संपूर्ण चीनमधून बागेचा एक नमुना निवडायचा होता, त्यांनी झुओझेंग युआनचे विस्तीर्ण पाणी न निवडता हा अंगणाएवढा तुकडा निवडला. याच बागेत १९३०च्या दशकात चित्रकार झांग दाच्यान आणि त्यांचे थोरले बंधू झांग शानझी राहत होते. शानझी वाघांची चित्रे काढत, आणि समोर बसायला त्यांनी बागेत खराखुरा वाघ पाळला होता. त्या वाघाची समाधी बागेत आजही आहे.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप हा, की इतक्या दूर जाऊन सर्वांत प्रसिद्ध बाग सोडायची म्हणजे आग्र्याला जाऊन ताजमहाल न पाहण्यासारखे आहे. झुओझेंग युआनचे मोठेपण कोणी नाकारत नाही. दरबाराचा निवृत्त अधिकारी वांग शियानछेन याने १५०९च्या सुमारास ती सुरू केली. त्याचा चित्रकार मित्र वेन झेंगमिंग याने १५३३ साली तिच्या ३१ दृश्यांची चित्रमाला केली. साध्याभोळ्या माणसाने भाजी पिकवून पोट भरावे, हाच त्याचा कारभार, अशा अर्थाच्या जुन्या वचनावरून बागेचे नाव पडले, आणि बांधणाऱ्याच्या मुलाने ती जुगारात घालवली असे सांगतात. तिथे पाऊस ऐकण्यासाठी बांधलेली एक खोली आहे. पानांवर पडणाऱ्या सरींचा आवाज नीट यावा म्हणून भोवती केळी, बांबू आणि कमळे लावली आहेत. कोकणातल्या माणसाला केळीच्या पानावरच्या पावसाचे कौतुक वेगळे सांगायला नको. पण याच उदाहरणावरून माझा मुद्दा सिद्ध होतो. शे-दोनशे माणसांचा घोळका आणि मार्गदर्शकांचे ध्वनिवर्धक यांच्यात ती खोली ऐकू येत नाही. तरीही एका प्रसंगी मी सल्ला बदलेन. जुलैत किंवा ऑगस्टच्या आरंभी जात असाल, तर तिथली कमळे फुललेली असतात आणि कमळांच्या सुगंधावरून नाव ठेवलेला मुख्य दिवाणखाना त्याच दिवसांत खरा होतो. तेव्हा दार उघडताच झुओझेंग युआनमध्ये शिरा आणि वांगशी सोडून द्या. बाग बदलली तरी एकच राहू द्या.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे सगळे दुरुस्त केलेले, नव्याने उभारलेले आहे, मग जुने म्हणून काय पाहायचे? आक्षेपातली माहिती बरोबर आहे. १८६०मध्ये थायपिंग बंडखोरांनी सुझोऊ घेतले, त्यांचा सरदार ली शिऊछेंग झुओझेंग युआनच्या आवारात राहिला, आणि त्या धुमाळीत शहराचे फार नुकसान झाले. आज दिसणाऱ्या अनेक इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत, आणि १९५०च्या दशकात सरकारने बागा ताब्यात घेऊन पुन्हा दुरुस्त्या केल्या. वांगशी युआनची दुरुस्ती १९५८ची. मात्र लाकूड, चुना आणि कौले यांची वास्तू दगडी लेण्यासारखी एकदा घडवून राहत नाही. ती दर पिढीला सांभाळावी लागते. जुनेपण इथे लाकडात कमी आणि मांडणीत जास्त आहे. तळे कुठे, खडक कुठे, भिंतीत भोक कुठे, हे ज्ञान टिकले आहे, आणि ते हाताने करणारे कारागीर सुझोऊत आजही आहेत. युनेस्कोने १९९७मध्ये चार बागा जागतिक वारशात घेतल्या, २०००मध्ये आणखी पाच वाढवल्या. त्यामागेही मांडणीची ही परंपराच आहे.

शहराबाबत तर हे आणखी स्पष्ट आहे, आणि म्हणूनच दुपार शहरात घालवायला हवी. इसवी सनापूर्वी ५१४मध्ये वू राज्याच्या हलू राजासाठी त्याचा मंत्री वू झीशू याने हे शहर आखले. १२२९मध्ये दगडावर कोरलेला शहराचा नकाशा इथल्या कन्फ्यूशियस मंदिरात जपला आहे. त्यात रस्ते आणि कालवे शेजारी शेजारी धावतात, घराचे एक दार रस्त्यावर उघडते आणि दुसरे पाण्यावर. त्या नकाशावर पिंगच्यांग रस्ता आणि त्याच्या कडेचा कालवा आजच्याच जागी सापडतो. ही रचना वाचली यात नशिबाचा वाटा आहे आणि निर्णयाचाही. १९८२मध्ये चीन सरकारने ऐतिहासिक शहरांची पहिली यादी केली त्यात सुझोऊ होते, आणि १९८६च्या आराखड्यात जुने शहर जपून नवी वस्ती बाहेर वसवायचे ठरले. जुन्या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. तिचा आणि बागेचा थेट संबंध आहे. झुओझेंग युआनच्या तळ्यापलीकडे उत्तर मंदिराचा ७६ मीटर उंच मनोरा दिसतो. तो बागेत नाही, दूर आहे, पण मधे उंच इमारती नाहीत म्हणून बागेचाच वाटतो. जी छेंगच्या काळातली उसन्या दृश्याची कल्पना आज नगररचनेच्या नियमावर उभी आहे. बाग पाहून शहर न पाहणे म्हणजे त्या उसनवारीतले देणे न पाहणे.

प्रत्यक्ष आखणी सांगतो. शांघायच्या होंगच्याओ स्थानकावरून किंवा शहरातल्या मुख्य स्थानकावरून सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराची गाडी धरा. तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट पाहा, कारण इथे नवख्याची हमखास फसगत होते. तुम्हाला नुसते ‘सुझोऊ’ स्थानक हवे, ते जुन्या शहराच्या उत्तर वेशीवरच आहे. ‘सुझोऊ बेई’ म्हणजे उत्तर स्थानक शहराबाहेर आहे, तिथून मेट्रोने आत यावे लागते. ‘सुझोऊ नान’ म्हणजे दक्षिण स्थानक तर त्याहूनही लांब. आणि ‘सुझोऊ दोंग’ हे या शहराचे स्थानकच नव्हे. रोमन लिपीत नाव सारखे लिहिले जाते, पण ते शेजारच्या आनह्वी प्रांतातले वेगळे गाव आहे, चिनी अक्षरेही वेगळी. चिनी अक्षरांतले नाव फोनमध्ये जवळ ठेवा. कागदी तिकीट लागत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकावर यंत्राने तो वाचला नाही तर कडेच्या माणसाकडे दाखवा. चीनच्या व्हिसाशिवाय काही देशांच्या प्रवाशांना मिळणारी थांब्याची सवलत भारतीय पासपोर्टला लागू नाही, तेव्हा व्हिसा आधीच हातात हवा.

सुझोऊ स्थानकावरून मेट्रोची चौथी मार्गिका दक्षिणेकडे घ्या आणि सानयुआनफांगला उतरा. तिथून शिछुआन रस्त्याने पूर्वेकडे वीसेक मिनिटे चाला. दोन्ही बाजूंना जुनी झाडे आहेत आणि सकाळी दुकाने उघडत असतात. बागा सकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात. तिकीट हंगामाप्रमाणे ३० ते ४० युआनच्या घरात असते, झुओझेंग युआनचे त्याच्या दुप्पट. पासपोर्टच्या नावावर आदल्या दिवशी ऑनलाइन नोंदणी केलेली बरी. दोन ते अडीच तासांनी बाहेर पडलात की उत्तरेकडे चालू लागा. वाटेत सोंग काळातले, ९८२ सालचे विटांचे जुळे मनोरे लागतात. त्यांच्याजवळ नूतनीकरण केलेली मंडई आहे, तिथे फळे, भाज्या आणि तयार पदार्थ एकाच छपराखाली मिळतात. पुढे मोठा गानच्यांग रस्ता ओलांडला की पिंगच्यांग रस्ता सुरू होतो. दीड किलोमीटरपेक्षा किंचित मोठा हा रस्ता पर्यटकांनी भरलेला असतो हे खरे. उपाय सोपा आहे. मुख्य रस्त्यावर रेंगाळू नका, पूल ओलांडून पोटगल्ल्यांत शिरा. शंभर पावलांवर कपडे वाळत घातलेले असतात, म्हाताऱ्या बाया शेंगा सोलत बसलेल्या असतात आणि पाण्यावर उघडणाऱ्या पायऱ्या दिसतात. याच भागात कुनचू नाट्याचे आणि पिंगथान या गात-सांगत रंगवल्या जाणाऱ्या कथाकथनाचे अशी संग्रहालये आहेत. पिंगथानमध्ये कलाकार बसून तंतुवाद्य हाती घेतात आणि गोष्ट सांगतात, मध्येच गातात. भाषा कळली नाही तरी कीर्तनाची सवय असलेल्या कानाला त्यातली चढउतार ओळखीची वाटेल. दुपारी एखाद्या चहाघरात प्रयोग मिळाला तर आडवेळ म्हणून टाळू नका.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी वाचकांसाठी खरा आहे. सुझोऊचे स्वयंपाकी साखर सढळ हाताने वापरतात, आणि इथल्या नूडलच्या रशात बहुधा मांसाचा अर्क किंवा डुकराची चरबी असते. वर भाजी दिसली म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. ‘वो छ्री सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य चिनी अक्षरांत लिहून दाखवा. ‘सू’ या शब्दामागे बौद्ध मठांची परंपरा आहे, आणि त्या परंपरेच्या खाणावळींत मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसालाही तिथे निर्धास्त जेवता येते. अशी खाणावळ वाटेत न सापडली तर मंडईतली फळे आणि पिशवीतला सुका खाऊ यांवर एक दुपार निभते. चहा मात्र आवर्जून घ्या. जवळच्या थाय सरोवराकाठच्या दोंगथिंग टेकड्यांवरचा बिलुओछुन हा हिरवा चहा चीनमधल्या नामवंत चहांपैकी एक आहे. एप्रिलच्या आरंभी खुडलेला ताजा असतो. त्यात दूध-साखर घालत नाहीत, आणि कपात पाणी पुन्हा पुन्हा भरून मिळते.

पैशांबाबत दोन शब्द. चीनमध्ये जवळजवळ सगळा व्यवहार फोनवरून होतो, आणि परदेशी कार्ड आता अलीपेला जोडता येते. त्यासाठी निघण्याआधी बँकेकडून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्या. वीचॅटवर भारतात २०२०पासून बंदी आहे, म्हणून त्यावर विसंबू नका. यूपीआयही गृहीत धरू नका. खिशात सुट्या नोटांचे तीन-चारशे युआन असले की दिवस निघतो. गूगलचे नकाशे तिथल्या नेटवर्कवर चालत नाहीत. या लेखातल्या ठिकाणांची नावे चिनी अक्षरांत फोनमध्ये घेऊन ठेवली तर कोणीही बोट दाखवून वाट सांगते.

बरोबर वयस्क माणसे असतील तर? हा आक्षेप मनावर घेण्यासारखा आहे, कारण सांगितलेली चाल एकूण चार-पाच किलोमीटरची होते. लहान बाग इथेही उपयोगी पडते. तिथे बसायच्या जागा पावलापावलावर आहेत. पण उंच उंबरठे आणि खडबडीत फरशी यांमुळे चाकांच्या खुर्चीला वांगशी युआन अवघड जाते. अशा वेळी सानयुआनफांगहून टॅक्सी करा, बाग झाल्यावर थेट पिंगच्यांगला या आणि चालण्याऐवजी हाताने वल्हवायची होडी घ्या. होडीवाल्या बाया अधूनमधून गातात. मुले बरोबर असतील तर त्यांना तळ्याकाठी एकच काम द्या: पाणी कुठून येते ते शोधून काढा. तासभर त्यांना कंटाळा येत नाही.

ऋतूची निवडही या सल्ल्याचाच भाग आहे. एप्रिलचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर हे दिवस उत्तम. जूनच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत झिमझिम पाऊस आणि कोंदट हवा असते. आपल्याला पावसाची सवय आहे, आणि गर्दी ओसरते हा त्यातला लाभ. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, १ मेची सुट्टी, चिनी नववर्ष आणि एप्रिलच्या आरंभीची पितरांच्या स्मरणाची सुट्टी हे दिवस कटाक्षाने टाळा. सोमवारही टाळा, कारण पिंगच्यांग रस्त्याच्या उत्तर टोकाजवळचे सुझोऊ संग्रहालय त्या दिवशी बंद असते. प्रवेश फुकट, पण नोंदणी आधी करावी लागते. ते सुझोऊशी पिढ्यांचे नाते असलेले वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी रचले आणि २००६मध्ये खुले झाले. जवळची सिंहवन बाग एके काळी त्यांच्याच घराण्याची होती. दुपारी तीनच्या सुमारास संग्रहालयात पोहोचलात तर आधी वस्तूंकडे न जाता मधल्या पाण्याच्या चौकात जा. समोरच्या पांढऱ्या भिंतीपुढे कापलेल्या दगडांची रांग आहे, ती लांबून डोंगरांच्या चित्रासारखी दिसते. सकाळी वांगशीच्या खिडकीत पाहिलेलीच युक्ती इथे काचेच्या आणि पोलादाच्या काळातल्या माणसाने वापरली आहे. सकाळी बसून पाहिले असेल तर ती ओळखायला क्षणही लागत नाही.

संग्रहालयातून पश्चिमेकडे दहा-बारा मिनिटे चालले की उत्तर मंदिराचा मनोरा समोर येतो. त्याच्याजवळच चौथ्या मार्गिकेचे बेइसिथा स्थानक आहे, आणि रेल्वे स्थानक तिथून एकच थांबा पुढे. परतीची गाडी साडेसहा-सातची ठेवा, आधीची नको. स्थानकात सामानाची तपासणी होते आणि फलाटाचे फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी बंद होते, म्हणून अर्धा तास हाताशी हवा. तेवढा सोडून वेळ उरला, तर मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबून छपरांच्या नऊ मजल्यांवरचा उतरता उजेड पाहा. आजूबाजूची कौले इतकी बसकी आहेत, की तो शेवटपर्यंत वरच्या मजल्यावर टिकतो.